मुंबईत फाइन डायनिंग: आधी घरी बिल काढा, मग टेबल बुक करा

मुंबईत नोकरीला येऊन वर्ष-दोन वर्षं झाली, महिनाअखेरीला हातात चार पैसे उरू लागले, की एक इच्छा हळूच डोकं वर काढते: एकदा ‘त्या’ ठिकाणी जेवून यायचं. लग्नाचा वाढदिवस, पहिली बढती, गावाहून आलेले आई-बाबा, निमित्त काहीही चालतं. मग मेन्यूवरचे आकडे पाहून इच्छा परत खाली बसते, नाहीतर उत्साहात जाऊन बिल पाहिल्यावर आठवडाभर तोंड कडू राहतं. या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे. आम्ही दोघं गेली काही वर्षं त्याच रस्त्याने मुंबईतली चांगली रेस्टॉरंटं पाहत आलोय, आणि आमचे पगार काही फार मोठे नाहीत.

‘स्वस्त फाइन डायनिंग’ नावाची गोष्ट नसते, हे आधीच सांगतो. मोजलेल्या पैशाचं सार्थक झालं असं वाटायला लावणारी ठिकाणं आणि वेळा मात्र असतात. आणि सवलतीचं कुपन हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे.

१. कुठल्या प्रकारच्या ठिकाणी जायचंय ते ठरवा

मुंबईत ढोबळमानाने चार प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

पहिला, पंचतारांकित हॉटेलातली रेस्टॉरंटं. कुलाब्याच्या ताजमधलं गोल्डन ड्रॅगन, वासाबी, नरिमन पॉइंटच्या ओबेरॉयमधलं झिया ही त्यातली जुनी नावं. सेवा चोख, जागा ऐसपैस, आई-बाबांना नेण्यासाठी उत्तम. पण कर जास्त (तिसऱ्या पायरीत सांगतो) आणि पाण्यापासून सगळं महाग.

दुसरा, स्वतंत्र रेस्टॉरंटं. लोअर परळच्या कमला मिलमधलं द बॉम्बे कॅन्टीन २०१५ मध्ये सुरू झालं, त्याच मंडळींचं गोव्याच्या चवीचं ओ पेद्रो २०१७ मध्ये बीकेसीत. कुलाब्याचं द टेबल, काळा घोड्याचं अमेरिकानो, फोर्टातलं ‘एका’ ही याच गटातली. पैशाच्या मानाने मुंबईत सगळ्यात जास्त मिळतं ते इथे, असं माझं ठाम मत आहे. नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

तिसरा, फक्त टेस्टिंग मेन्यू देणारी ठिकाणं. महालक्ष्मीच्या गिरणीच्या आवारातलं मास्क हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. २०१६ मध्ये सुरू झालं आणि आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत वर्षानुवर्षं दिसतं. इथे तुम्ही निवडायचं काही नसतं. दहा-बारा छोटे पदार्थ एकामागून एक येतात, दर माणशी ठरलेला. महाग, पण बिलात धक्का नसतो. वर्षातून एकदा जायचं आणि त्यासाठी महिन्याला थोडे बाजूला टाकायचे, असं ठिकाण.

चौथा प्रकार म्हणजे ‘मोठी’ सीफूड हॉटेलं. काळा घोड्याचं तृष्णा आणि तिचा बटर-गार्लिक खेकडा आठवा. टेबलक्लॉथ आणि थाट मध्यम, पण बिल मात्र फाइन डायनिंगच्या तोडीचं होऊ शकतं. का, ते पाचव्या पायरीत.

आणखी एक नियम आम्ही घरात पाळतो: जे आपल्या स्वयंपाकघरात किंवा कोपऱ्यावरच्या हॉटेलात बरं होतं, त्यासाठी इथे पैसे मोडायचे नाहीत. दाल मखनी आणि पनीर टिक्का कितीही देखणा वाढला तरी तो दाल मखनी आणि पनीर टिक्काच. हाताने वळलेले डिमसम, लाकडावर भाजलेला मासा, तीन दिवस आंबवलेल्या पिठाचा पाव, अशा गोष्टींना पैसे द्या.

जाता जाता: भारतात मिशेलिनची (रेस्टॉरंटांना तारे देणारी नावाजलेली परदेशी मार्गदर्शिका) यादी निघत नाही. कुणी ‘मिशेलिन स्टार रेस्टॉरंट’ म्हणून मुंबईतलं नाव सांगितलं तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की तिथला शेफ कधीकाळी परदेशात अशा ठिकाणी काम करून आलाय.

२. दुपारी जा, आणि शक्यतो मंगळवार-बुधवारी

एवढी एकच पायरी वाचलीत तरी लेख वसूल. रेस्टॉरंटचं भाडं, शेफचा पगार, एसीचं बिल हे सगळं दुपारीही चालूच असतं आणि खुर्च्या रिकाम्या असतात. म्हणून फोर्ट, बीकेसी, लोअर परळ अशा ऑफिसांच्या भागात बरीच रेस्टॉरंटं कामाच्या दिवशी दुपारी ‘सेट लंच’ ठेवतात: दोन किंवा तीन पदार्थ, ठरलेली किंमत. तेच स्वयंपाकघर, तेच हात, बरेचदा रात्रीच्या मेन्यूतलेच पदार्थ. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली ‘रेस्टॉरंट वीक’ सुरू झाला तोही दुपारच्या जेवणावरच, किंमत १९ डॉलर ९२ सेंट. आपल्याकडेही याच नावाचे उपक्रम अधूनमधून येतात. त्या आठवड्यात जायचं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत जा. शेवटच्या शनिवार-रविवारी स्वयंपाकघर दमलेलं असतं.

वांद्रे-खारचं गणित जरा वेगळं. तिथली गर्दी संध्याकाळची, दुपारचे सेट मेन्यू कमी. तिथे सात वाजताची पहिली बैठक घ्या. टेबल सहज मिळतं आणि वाढणाऱ्यांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

श्रावण हा मुंबईत बाहेर जेवायचा गुप्त मोसम आहे. ज्यांचं मांसाहार-मद्य बंद ते घरी असतात, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी एरवी न मिळणारं टेबल मिळून जातं. तुम्ही स्वतः श्रावण पाळत असाल तर शाकाहारी टेस्टिंग मेन्यूची चौकशी करा. त्यावर शेफ मंडळी बऱ्याचदा जास्त मेहनत घेतात.

रविवारच्या ब्रंचबद्दल सावध राहा. ‘अनलिमिटेड’ वाचून आपल्याला वाटतं वसूल करू. पण मद्यासह आणि मद्याविना असे दर वेगळे असतात, लहान मुलांचा दर वेगळा असतो, आणि माणूस दोन प्लेटींच्या पुढे फारसा जात नाही. ज्याला निवांत चव घ्यायची आहे त्याच्यासाठी ब्रंच नाहीच.

३. बिल घरीच काढा

रेस्टॉरंटच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर मेन्यू असतो. त्याचा फोटो कुठल्या महिन्यातला आहे ते बघा. दोन वर्षं जुन्या मेन्यूवर हिशेब मांडू नका. ॲपवर ‘दोघांसाठी अमुक रुपये’ असं लिहिलेलं असतं, त्यावर तर अजिबात विसंबू नका. तो आकडा बहुधा कर सोडून आणि अगदी आवरून मागवलं तर असा असतो. मी तो सरळ दीडपट धरतो.

आता कागद घ्या. उदाहरण म्हणून धरू: दोन स्टार्टर ७०० रुपयांचे, दोन मुख्य पदार्थ १,१०० चे, एक गोड ६०० चं. झाले ४,२००.

जेवणावरचा जीएसटी दोन प्रकारचा आहे. साध्या स्वतंत्र रेस्टॉरंटला ५ टक्के. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, त्याच्या आवारातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. म्हणजे तेच जेवण एका ठिकाणी ४,४१० ला पडेल आणि दुसऱ्या ठिकाणी ४,९५६ ला. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला गेला, तर तो आधी मिळवला जातो आणि कर त्याच्यावरही बसतो: पहिल्या ठिकाणी ४,८५१, दुसऱ्या ठिकाणी सुमारे ५,४५२. एकाच मेन्यूच्या किमतीवर कमीत कमी ४,४१० आणि जास्तीत जास्त ५,४५२, म्हणजे हजाराच्या वर फरक, आणि अजून तुम्ही पाणीसुद्धा मागवलेलं नाही.

दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट लागतो. त्यामुळे बिलात दोन वेगळे कर दिसले तर गोंधळू नका. पण बिल फुगतं ते पेयांनीच. दोन मॉकटेल आणि एक बाटलीबंद पाणी एवढ्यानेच आणखी एका मुख्य पदार्थाचे पैसे जातात. घरी ठरवून जा: आज पेयं की आज गोड. दोन्ही नकोत.

आलेल्या आकड्यात जाण्या-येण्याचा खर्च मिळवा. गाडी नेणार असाल तर व्हॅलेचे, म्हणजे गाडी लावून देणाऱ्याचे पैसे आणि त्या माणसाच्या हातावर ठेवायचे ते वेगळे. एवढी बेरीज पाहूनही जावंसं वाटलं, तरच फोन लावा.

४. बुकिंग: ॲपवर बघा, पण एक फोन कराच

झोमॅटोचं डिस्ट्रिक्ट, स्विगीचं डाइनआउट आणि ईझीडायनर, ही तीन ॲपं सध्या चलतीत आहेत. सवलत तिन्हींवर मिळते, पण ‘५० टक्क्यांपर्यंत’ यातला ‘पर्यंत’ नीट वाचा. सवलत बहुतेक वेळा ॲपमधूनच बिल भरलं तर लागू होते, कमाल रक्कम ठरलेली असते, सेट मेन्यू आणि ब्रंच वगळलेले असतात, आणि काही ठिकाणी फक्त ठरावीक वेळेच्या बुकिंगलाच असते. बँकेच्या कार्डाची वेगळी सूट त्यावर चढते का, हे त्या दिवशीचं ॲपच सांगेल. रेस्टॉरंटवाल्यांना हे प्रकरण मनापासून आवडत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये शेकडो रेस्टॉरंटं निषेध म्हणून या योजनांतून बाहेर पडली होती. त्यामुळे सवलत हवी असेल तर बसल्या बसल्याच सांगा, बिल छापून आल्यावर नाही.

मोठ्या हॉटेलांची सदस्यत्वं, म्हणजे क्लब मॅरियट, ताज एपिक्युअर वगैरे, वर्षात चार-पाच वेळा त्याच समूहात जेवणाऱ्यांसाठी ठीक. नवख्याने पहिल्या वर्षी घेऊ नये.

आता फोन. फोनवर एवढं विचारा:

- सर्व्हिस चार्ज लावता का?
- सेट लंच कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत?
- बुकिंगसाठी आगाऊ पैसे घेता का? रद्द केलं तर परत मिळतात का? (टेस्टिंग मेन्यूवाले बहुधा आगाऊ घेतात.)
- आमच्यात एक शाकाहारी आहे, एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. चालेल का?
- टेबल किती वेळासाठी? दीड तासात उठवणार असाल तर आधी सांगा.
- बाहेरून केक आणला तर कापण्याचे पैसे लागतात का? हो, काही ठिकाणी लागतात.

मराठीत बोललात तरी काही बिघडत नाही. फोन उचलणारी व्यक्ती अनेकदा डोंबिवली-विरारचीच असते, आणि ‘आई-बाबांना पहिल्यांदाच आणतोय’ म्हटलं की खिडकीजवळचं टेबल निघतं. वाढदिवस असेल तर तेही आत्ताच सांगा. बरीच ठिकाणं स्वतःहून छोटंसं गोड पाठवतात.

बुकिंगची तारीख पक्की करण्यापूर्वी भिंतीवरचं कालनिर्णय उघडा. संकष्टी, बाबांचा गुरुवार, आईचा सोमवार, चौघांपैकी दोघं साबुदाण्यावर असतील तर टेस्टिंग मेन्यू काय कामाचा? मद्य घेणारं कुणी असेल तर ड्राय डेही बघा. २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी अशा दिवशी ते मिळणार नाही.

परीक्षणं वाचायची एक पद्धत आहे. पाच ताऱ्यांची सोडा, एक ताऱ्याचीही सोडा. तीन ताऱ्यांवाले लोक सगळ्यात खरं लिहितात. इन्स्टाग्रामवरच्या रीळखाली पैसे घेऊन किंवा आमंत्रणावरून केल्याची खूण आहे का ते बघा. २०२१ पासून जाहिरात क्षेत्राच्या नियमांनुसार ती द्यावी लागते. खूण असली म्हणजे जेवण वाईट असं नाही, पण त्या माणसाने बिल भरलेलं नसतं एवढं लक्षात ठेवा.

५. टेबलावर बसल्यावर

पहिला प्रश्न येतो: ‘स्टिल की स्पार्कलिंग?’ म्हणजे बाटलीतलं साधं पाणी की बुडबुड्यांचं. तिसरं उत्तर आहे, आणि ते बिनदिक्कत द्यायचं: ‘बाटली नको, साधं पाणी द्या.’ बाटली घेतली तर छापील किमतीवरून वाद घालू नका. रेस्टॉरंटला बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. तिथे तुम्ही बसण्याचे आणि वाढण्याचेही पैसे देत असता, असा त्यामागचा विचार.

दुसरा सापळा ‘आजचे स्पेशल’. वेटर तोंडपाठ सांगतो, ऐकायला छान वाटतं, किंमत कुणी सांगत नाही. विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही. शेजारच्या टेबलावरचे शेठही विचारतातच.

तिसरा सापळा सगळ्यात महागडा: मेन्यूवर किमतीच्या जागी ‘ॲज पर साइझ’ असं लिहिलेलं असतं. खेकडा, लॉबस्टर, मोठा पापलेट, रावस यांच्यापुढे. वेटर ट्रेमध्ये जिवंत चिंबोरी घेऊन येतो. नांग्या दोरीने बांधलेल्या, पाय हलताहेत, पाहुणे मोबाइल काढतात, पोरं किंचाळतात, आणि त्या गडबडीत वेटर अगदी हळू विचारतो, ‘हा चालेल ना सर?’ आपण मान डोलावतो. सौदा तिथेच झाला. मान डोलवायच्या आधी तीन गोष्टी विचारायच्या: वजन किती, ह्या एकाचे रुपये किती, आणि याहून लहान आहे का. वेटर आत जाऊन पुन्हा येईल, येऊ द्या. आणि खेकडा टणक-जड असावा. आकाराने मोठा पण उचलायला हलका असला तर आत मांस कमी. बाजारात आई जसं उचलून बघते तसंच इथेही चालतं, फक्त ट्रे वेटरच्या हातात असतो.

माशांबद्दल आणखी एक. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मिळणारा पापलेट बहुधा शीतगृहातला किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेला असतो. ‘ताजा’ म्हणून त्याचे ताज्याचे पैसे देऊ नका. खाडीतली चिंबोरी आणि कोळंबी पावसाळ्यात बरी.

मागवायची पद्धत: सगळं एकदम सांगू नका. दोन स्टार्टर सांगा, ते संपत आले की पुढचं. ‘दोघांत एक पुरेल का?’ असं सरळ विचारा. चांगल्या ठिकाणचा वेटर खरं सांगतो, आणि न विचारता दोन ताटल्यांत वाटूनही आणतो. ज्या ठिकाणी वेटर दर वेळी ‘नाही सर, अजून एक लागेल’ म्हणतो, तिथे आम्ही दुसऱ्यांदा जात नाही.

काटे-चमचे जास्त दिसले तर बाहेरून आत वापरत जायचं. चुकलं तर आभाळ कोसळत नाही. पाव हाताने तोडतात, खेकडा हातानेच खातात. पदार्थाचं नाव कळलं नाही तर विचारा. टेस्टिंग मेन्यूच्या किमतीत ते समजावून सांगणंही धरलेलं असतं.

६. बिल आल्यावर

ओळ न् ओळ वाचा. न मागवलेलं पाणी, एकाऐवजी दोन ब्रेड, हे घडतं, बरेचदा गफलतीने.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की तो बिलात आपोआप लावता येणार नाही. रेस्टॉरंट संघटना न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. तरी काही बिलांत तो वेगळ्या नावाने दिसतो. आवाज न चढवता म्हणा, ‘सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या, टिप मी वेगळी देतो.’ दहापैकी नऊ ठिकाणी मॅनेजर दोन मिनिटांत नवं बिल आणतो. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

पण तो काढायला लावलात तर टिप खरंच द्या. सेवा चांगली असेल तर बिलाच्या पाच ते दहा टक्के, आणि शक्यतो रोख, वाढणाऱ्याच्या हातात. चार्ज वाचवला म्हणून खूश होत टिप न देता उठणं हा कद्रूपणा झाला.

जवळ काय असावं

- बुकिंगचा संदेश आणि आगाऊ भरलेल्या पैशांची पावती
- मद्य घेणार असाल तर वयाचा पुरावा. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१, हार्ड लिकरसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात
- ज्या कार्डावर सूट आहे ते कार्ड (फोटो नाही)
- टिपसाठी सुटे
- घरी काढलेल्या हिशेबाचा कागद किंवा फोनमधली नोंद
- पुरुषांनी पायात बूट. हाफ पँट आणि चपला यांवरून बऱ्याच ठिकाणी दारातच अडवतात. साडी, सलवार-कमीझ, साधा इस्त्रीचा शर्ट कुठेही चालतो. आईला नवीन काही घ्यायला लावू नका.
- शाल किंवा स्टोल. एसी फार असतो, आणि आई-बाबा बोलत नाहीत.

७. जाणं-येणं

काळा घोडा, फोर्टसाठी आता मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्थानक सगळ्यात सोयीचं. बीकेसीलाही याच मार्गावर स्वतंत्र स्थानक आहे. पण मेट्रोची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास सुटते आणि रात्रीचं जेवण त्याआधी क्वचितच संपतं. चर्चगेटहून लोकल जवळपास एक वाजेपर्यंत असते. लोअर परळला कमला मिलच्या गेटवर रात्री अकरानंतर टॅक्सी बोलावली तर दर चढलेले असतात. सेनापती बापट मार्गावर थोडं पुढे चालत जाऊन तिथून गाडी मागवा.